उकिरडा

गावाचा इतिहास सांगायचा म्हटलं की लोक पाटलाच्या वाड्यापासून, नाहीतर देवळातल्या शिळेपासून सुरू करतात. मी उकिरड्यापासून सुरू करतो. आमच्या येरळाकाठच्या गावात कुणाचं घर किती पाण्यात आहे, हे उकिरड्यावरून कळायचं. मुलगी द्यायला आलेले जाणते पाहुणे चहा झाला की "जरा पाय मोकळे करतो" म्हणत परड्यात जायचे. गोठ्यात दावी किती आणि उकिरडा किती उंच, एवढं बघून परत यायचे. घर माळवदाचं आहे का पत्र्याचं, याला फार महत्त्व नसायचं. उसनी बैलं आणून चार दिवस गोठ्यात बांधता येतात, उसना उकिरडा आणता येत नाही.

शहरातल्या वाचकाला उकिरडा म्हणजे घाणीची जागा वाटते. आमच्याकडं ती घरची ठेव होती. आई सकाळी गोठा लोटायची. शेण, बैलांनी खाऊन उरलेलं चगाळ, मुतानं भिजलेली माती, चुलीतली राख, खळ्यावरचा भुसा, भुईमुगाची टरफलं, परड्यातला पाला आणि घरातला केर, सगळं पाटीत भरून उकिरड्यावर जायचं. पावसाळ्यात ते भिजायचं आणि आतून तापायचं. थंडीत पहाटे त्याच्यावरून वाफ निघायची आणि गल्लीतली कुत्री ऊब धरून तिथंच निजायची. दिवाळीच्या पाडव्याला घर झाडून जुनी केरसुणी उकिरड्यावर टाकायची आणि तिथं पणती ठेवायची, ही रीत आजही काही घरांत आहे. देवापुढं दिवा आणि उकिरड्यावरही दिवा. लहानपणी मला याचं हसू यायचं.

चैत्र-वैशाखात उकिरडा उपसायचा. आमची चार बैलं, दोन म्हशी, एक गाय आणि वासरं. एवढ्या जित्राबाचं वर्षाला पंचवीस-तीस गाड्या खत निघायचं. रान सात एकर. एवढं खत सगळ्या रानाला पुरायचं नाही, म्हणून एका वर्षी एका पट्टीला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या, अशी तीन वर्षांची फेरी असायची. रानात गाडी उभी करून दाताळ्यानं ठरावीक अंतरावर ढीग ओढायचे, मग खोऱ्यानं विसकटायचं, आणि वळवाचा पाऊस पडला की कुळवाची पाळी द्यायची. आबा (म्हणजे माझे वडील) खत उन्हात पसरून ठेवू देत नसत. "वाळलं की मेलं," म्हणायचे. नत्र हवेत उडून जातो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण वाळलेल्या खताचं पीक पिवळं येतं हे त्यांनी बघितलं होतं.

खत कमी पडलं की मेंढरं बसवायची. दिवाळीनंतर खाली गेलेले धनगरांचे कळप उन्हाळा सरताना परत फिरायचे. वाघर लावून शे-दोनशे मेंढरं रात्रभर रानात कोंडली की लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी. वाहतूक नाही, पाटी नाही. रात्रीमागं ठरलेला जोंधळा आणि वरती माणसांना भाकरी-कालवण. कळप आपल्याच रानात आधी बसावा म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आणखी एक खत होतं, ते म्हणजे पांढरीची माती. जुनं गावठाण उठलं, गढी पडली की तिथली माती गाड्या भरून रानात न्यायची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, हाडं, केर त्यात मुरलेला. म्हणूनच ती पांढरी. पुढं वाचनात आलं की महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राचीन वस्त्यांची टेकाडं शेतकऱ्यांनी खतासाठी अशीच पोखरली, आणि उत्खनन करणाऱ्यांना त्याची हळहळ वाटते. त्यांची हळहळ खरी आहे. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा उकिरडा आमच्या जोंधळ्याच्या कामी आला, हेही काही वाईट झालं नाही.

आता थोडं मागं जातो. "पूर्वी सगळं सेंद्रिय होतं, जमिनी सोन्यासारख्या होत्या" असं आजकाल भाषणात ऐकू येतं. हे मला पटत नाही. जमिनीची ओढाताण रासायनिक खताच्या पोत्याबरोबर सुरू झाली नाही, ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात ही गोष्ट आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, गवत, मेलेल्या किड्यांचा आणि जनावरांचा अंश पावसाच्या पाण्याबरोबर खाली येऊन रानं आपोआप खतवली जायची. ती धुपून ओढ्यानाल्याला जाऊ नयेत म्हणून सरकारनं पलटणीतल्या आणि पोलिसातल्या माणसांकडून ताली-बंधारे घालून घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. जंगल खात्यानं राखीव रानं केल्यावर शेतकऱ्याची गुरं चरायची कुठं, याच्यावरही त्यांनी कडक लिहिलं. जंगलाचा कायदा १८७८ चा. जंगल बंद झालं की आधी सरपण बंद होतं. सरपण बंद झालं की शेण चुलीत जातं. ते चुलीत गेलं की रान उपाशी राहतं. हा हिशेब फुल्यांना कळला होता, कारण ते नुसते लिहिणारे नव्हते, त्यांचा शेतीशी संबंध होता.

हाच हिशेब एका इंग्रजालाही कळला. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ सरकारनं १८८९ साली विलायतेहून बोलावला. हिंदुस्थानची शेती सुधारायची कशी, हे सांगायला. तो देशभर हिंडला आणि १८९३ साली त्याचा मोठा अहवाल छापला गेला. इथला शेतकरी अडाणी आहे, शेण जाळतो, असं तेव्हा साहेबलोक सर्रास म्हणायचे. व्होल्करनं उलटं लिहिलं. जिथं लाकूड मिळतं तिथं हाच शेतकरी शेण रानात घालतो, जिथं मिळत नाही तिथं जाळतो. म्हणून जळणाची आणि चाऱ्याची रानं गावाजवळ राखा, असं त्यानं सांगितलं. तेलबिया आणि हाडं बोटीनं परदेशी जातात, म्हणजे जमिनीचं सत्त्वच बाहेर जातं, याकडंही त्याचं लक्ष गेलं होतं.

या अहवालानंतर सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी आमच्या गावात ग्रामसेवक खताचे खड्डे खांदायला सांगत फिरत होता. सामूहिक विकास योजना १९५२ ला सुरू झाली, त्यात कंपोस्टचे खड्डे हे एक काम असायचं. खड्ड्याचं माप ठरलेलं, थर ठरलेले. मी शाळकरी होतो. आबा त्याला म्हणाले, "साहेब, खड्डा खांदतो की. पर त्यात टाकाय शेण कुठंय? आठ महिनं ते चुलीत जातंय." साहेब हसला आणि वहीत खड्डा झाला म्हणून लिहून घेतला. आबांनी व्होल्करचं नाव जन्मात ऐकलं नव्हतं.

आबांचं खोटं नव्हतं. दिवाळी झाली की बायका शेणी लावायला घ्यायच्या. भिंतीवर, माळावर शेणी. त्या वाळल्या की रचून वरनं शेणानं लिंपून हुडवी घालायची, म्हणजे पावसाळाभर जळण. पावसाळ्याच्या चार महिन्यांतलं शेण तेवढं उकिरड्याला. म्हणजे जुन्या काळातही निम्म्याहून जास्त शेण रानात पोचतच नव्हतं. राख मात्र पोचायची. राखेत पालाश राहतं, पण नत्र धुरातून गेलेला असतो.

इंदूरची गोष्ट मला पस्तिशी उलटल्यावर एका शेतकी मासिकात वाचायला मिळाली. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ ला बिहारात पुशाला आला आणि १९२४ ते १९३१ इंदूरला होता. होळकर दरबारानं दिलेल्या ३०० एकरांवर त्यांची संस्था होती. चीनमधले शेतकरी कुजवलेल्या खतावर हजारो वर्षं जमिनी टिकवून आहेत, हे त्याच्या वाचनात होतं. तोच विचार धरून त्यानं आपल्याकडच्या काडीकचऱ्याचा अभ्यास केला. १९३१ ला पुस्तक निघालं, त्याच्यावर हॉवर्डच्या जोडीला दुसरं नाव आहे यशवंत वाड. हॉवर्डला पुढं 'सर' किताब मिळाला, जगभर नाव झालं. वाडांचं नाव आपल्याकडच्या किती कृषी पदवीधरांना माहीत आहे, ते मी विचारून बघितलं आहे. कुणाला नव्हतं.

त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक पऱ्हाटीची. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक, त्या कुजत नाहीत, म्हणून आपण जाळतो. त्यांनी त्या शेतातल्या गाडीवाटेवर पसरल्या. गाड्यांच्या चाकाखाली आणि बैलांच्या खुराखाली चुरून भुगा झाला, मग तो गोठ्यात अंथरायला घेतला. यंत्र नाही, खर्च नाही. दुसरी गोष्ट मुताची. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवायची, तीन-चार महिन्यांनी वरची मुरलेली माती खणून काढायची, ती खतात घालायची आणि नवी कोरडी माती भरायची. जनावर जेवढा नत्र बाहेर टाकतं त्यातला निम्म्याच्या वर मुतात असतो आणि पालाश तर बराचसा मुतातच. आपण शेणाला जपतो आणि मूत वाहू देतो, म्हणजे दूध सांडून ताक जपण्यातला प्रकार. या मातीनं, राखेनं, शेणानं आणि काडीकचऱ्यानं थर रचायचे, पाणी मारायचं, तीनदा उलटायचं, तीन महिन्यांत खत तयार. आमच्या उकिरड्याला वर्ष लागायचं.

मग हे आमच्यापर्यंत का आलं नाही? माझ्या मते उत्तर त्या 'तीनदा उलटायचं' यात आहे. हॉवर्डची पद्धत चहाच्या आणि कॉफीच्या मळ्यांनी भराभर उचलली, कारण तिथं मजूर होते. सात एकरवाल्याच्या घरी उलटायचं कुणी? आणि पाणी? आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणी मैलावरून यायचं. उकिरड्याला पाणी मारा म्हणणाऱ्याला आईनं घागर दाखवली असती.

आईचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या उकिरड्याचं कौतुक करणारे एक गोष्ट विसरतात. ते सगळं खत बायकांच्या डोक्यावरून गेलेलं आहे. गोठ्यातून उकिरड्यावर, उकिरड्यातून गाडीत, आणि जिथं गाडी जात नाही त्या तालीच्या रानात पुन्हा डोक्यावरून. ओल्या शेणाची पाटी वीस-पंचवीस किलो भरते. चुंबळीच्या जागी आईच्या डोक्यावरचे केस कायमचे विरळ झाले होते. म्हातारपणी तिची मान दुखायची तेव्हा डॉक्टरनं विचारलं, कधी पडला होता का? ती म्हणाली, "न्हाय बा, खत वाहिलंय." पुढं ट्रॅक्टर आला, पोत्यातलं खत आलं, तेव्हा घरातल्या बायकांना वाईट वाटलं नाही, याचं मला नवल नाही. पन्नास किलोच्या पोत्यात तेवीस किलो नत्र. तेवढ्यासाठी शेणखताच्या आठ-नऊ गाड्या लागतात. हे गणित जिच्या मानेवर होतं तिला लगेच पटलं.

पोत्यांचा इतिहास मी भराभर सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत आहे. सिंदरीचा सरकारी कारखाना १९५१ ला सुरू झाला, आणि हळूहळू अमोनियम सल्फेट गावात दिसू लागलं. मग युरिया, मग सुफला. आमच्याकडं या सगळ्याला वरखत म्हणायचे. नावच बघा, खत ते उकिरड्याचं आणि हे वरनं टाकायचं. पहिली पंधरा-वीस वर्षं वरखतानं जे पीक दिलं, त्यामागं खाली मुरलेल्या जुन्या खताची पुण्याई होती, असं आबा म्हणायचे, आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटतं.

पण उकिरडा बसला तो वरखतानं नाही, हायब्रीडनं. ही गोष्ट फार कमी लोक बोलतात. १९६४ साली सीएसएच-१ हा जोंधळ्याचा पहिला संकरित वाण आला. कणीस भरघोस, पण ताट बुटकं. आमच्या जुन्या जोंधळ्याचं ताट पुरुषभर उंचीच्या वर जायचं, त्याच्या कडब्यावर बैलं पोसली जायची. धान्य वाढलं आणि कडबा घटला. कडबा घटला की दावणीची दोन जनावरं कमी होतात, आणि तेवढा उकिरडा खाली बसतो. कुणी वाईट हेतूनं केलं नाही. माणसं उपाशी होती, अमेरिकेचा मिलो खात होती, तिथं ताटाच्या उंचीचा विचार कोण करणार?

मग १९७२. मी तेव्हा बारा वर्षांचा. आम्ही खडी फोडायला जायचो, सुकडी खायचो, ते सगळं अनेकांनी लिहिलंय. मी फक्त गोठ्याचं सांगतो. चार बैलांतली दोन मिळेल त्या किमतीला गेली, गाय छावणीत मेली, एक म्हैस आबांनी पाहुण्यांकडं कृष्णाकाठाला पाठवली ती परत आलीच नाही. त्या उन्हाळ्यात उकिरडा उपसायचं कामच पडलं नाही. नुसता खड्डा. आई सवयीनं सकाळी पाटी घेऊन निघायची आणि अर्ध्या वाटेवरनं माघारी यायची. पुढच्या साली पाऊस झाला, पीकही आलं, पण चार बैलांचा गोठा आमच्याकडं पुन्हा कधी झाला नाही. गावात बहुतेकांचं असंच झालं. मी १९७६ ला दहावी झालो आणि रानात आलो, तेव्हा माझ्या वाट्याला दोन बैल, एक म्हैस आणि दहा-बारा गाड्यांचा उकिरडा आला.

गोबर गॅस आला तो काळ चांगला होता. १९८१ च्या सुमाराला सरकारनं त्याची देशभर योजना काढली आणि अनुदान मिळू लागलं. आम्ही १९८४ ला बांधला. शेणातून जळण काढून घ्यायचं आणि उरलेला रबडा रानाला द्यायचा. नत्र जागच्या जागी. व्होल्करनं मांडलेल्या कोड्याचं खरं उत्तर मला विचाराल तर हेच होतं. आईनं आयुष्यात पहिल्यांदा उभं राहून, धुराशिवाय चहा केला. पण गोबर गॅसला रोजचं चार जनावरांचं शेण लागतं, आणि गावात जनावरं कमी होत चालली होती. मग सिलिंडर आला. आता गंमत बघा, शंभर वर्षं जे शेण चुलीतून सुटावं म्हणून सगळे सांगत होते ते सुटलं, तोवर गोठा रिकामा झाला होता.

त्यानंतर ताकारी योजनेचं पाणी आलं. माळाला ऊस दिसायला लागला. उसाबरोबर पाचट आलं, आणि पाचटाबरोबर काडेपेटी. ऊस तुटला की संध्याकाळी चौफेर जाळ. दोन दिवस गावावर काळी राख उडायची, वाळत घातलेली धुणी काळी व्हायची. लोक पेटवतात ते आळसानं नाही. पाचट पसरलं की सऱ्या दिसत नाहीत, पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, आणि पाचटात हात घालायला बायामाणसं सापाला भितात. हे सगळं खरं आहे. पण एकरातून तीन-चार टन पाचट निघतं. त्यात अर्धा टक्का नत्र, पाऊण-एक टक्का पालाश, आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास कर्ब. मी स्वतः कधी पेटवलं नाही, यात शहाणपण कमी आणि आबांचा धाक जास्त. ते म्हणायचे, रान खायला मागतंय आणि तू त्याच्यापुढचं ताट पेटवतोस?

नुसतं पाचट ठेवून भागत नाही. पहिल्याच वर्षी खोडवा पिवळा पडला. कारण असं की पाचटात कर्ब भरमसाट आणि नत्र चिमूटभर. कुजवणारे जिवाणू कर्ब खायला बसले की जोडीला त्यांना नत्र लागतो, तो ते मातीतला ओढतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून पाचटावर थोडा युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकायची शिफारस आहे. हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर आणि दहा किलो कुजवणारं जिवाणू खत. कडव्या सेंद्रियवाल्यांना हे आवडत नाही. मला त्याचं काही नाही. एका मूठभर युरियानं गाडीभर पाचट रानात राहत असेल तर तो युरिया सत्कारणी लागला.

या काळात वाचायला बरंच मिळालं. पुसदचे पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेप काका म्हणत, त्यांनी विटांचं जाळीदार टाकं काढलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. शंभर किलो शेणात चौदा-पंधराशे किलो काडीकचरा आणि तेवढीच चाळलेली माती. वरनं लिंपून टाकायचं, भिंतीच्या भोकांतून हवा आपोआप आत जाते, उलटायची गरज नाही. तीन-चार महिन्यांत जवळपास तीन टन खत. ज्याच्याकडं एकच जनावर आहे त्यालाही जमेल. हॉवर्ड जिथं अडला होता ती गाठ एका मराठी माणसानं सोडवली. त्याच नावाच्या आद्याक्षरांवरून टाक्याला नाडेप म्हणतात. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार काढून शेतकऱ्यालाच संशोधक केलं. प्रतापराव चिपळूणकरांनी तर नांगरच नको म्हणून सांगितलं. मागल्या पिकाची मुळं-धसकटं जमिनीत जागेवर कुजू द्या, तेच खत. आपल्या जुन्या माणसांचा बेवड हा शब्द मला तेव्हा नव्यानं कळला. 'हरभऱ्याचा बेवड चांगला' म्हणजे हरभरा जाताना रानात काय ठेवून जातो, ते.

शहरातले मित्र विचारतात, किती वर्षांत जमीन सुधारते? एका एकराची वरची वीतभर माती साधारण नऊ लाख किलो भरते. तिच्यातला कर्ब शेकडा एक दशांशानं वाढवायचा तर नऊशे किलो कर्ब टिकून राहायला हवा. साडेतीन टन पाचटात चौदाशे किलो कर्ब असतो, पण कुजताना त्यातला मोठा भाग हवेत जातो, थोडाच रानात राहतो. म्हणून दोन-तीन वर्षांत कागदावर काही हलत नाही, आणि माणूस कंटाळून पेटवतो. माझ्या रानाची पहिली माती परीक्षा झाली तेव्हा कर्बापुढं 'कमी' लिहून आलं. त्यानंतर पाचट, नाडेप आणि मधल्या काळात ताग गाडणं, असं चालू ठेवलं. पुढं मृदा आरोग्य पत्रिका आल्या, त्यात बऱ्याच वर्षांनी 'मध्यम' आलं. एवढंच. पण पाऊस पडल्यावर पूर्वी दोन दिवस पाणी तुंबायचं ते आता मुरतं, आणि भांगलताना खुरप्याबरोबर गांडूळ वर येतं. शेजारच्यानं पेटवलेलं पाचट वाऱ्यानं माझ्या बांधावरून आत आलं आणि एका वर्षाचं पसरलेलं सगळं पाचट, ठिबकच्या नळ्यांसकट गेलं. तो भरपाई द्यायला तयार होता. नळ्यांचे पैसे घेतले. पाचटाचे किती लावायचे हे दोघांनाही सांगता येईना.

आता पुन्हा गोठे भरलेत, पण जर्सी आणि होल्स्टिनचे. शेण भरपूर आहे. खाली मात्र सिमेंटचा कोबा, वर रबरी मॅट, सकाळ-संध्याकाळ पाइपनं धुणं. मूत धुऊन थेट गटारीला. एका गावाच्या गटारीतून किती पोती युरिया रोज वाहतो, ते कुणीतरी मोजावं. माझ्या धाकट्या मुलानं गोठा बांधताना खाली नाली काढून ते पाणी एका खड्ड्यात घेतलंय, तिथून ते उसाच्या पाण्यात सोडतो. नाली काढायला सतरा हजार गेले. शेणाचा भाव आता ट्रॉलीवर ठरतो, आणि विकत घेतलेल्या शेणखतात कॅरिबॅगा, गुटख्याच्या पुड्या आणि दावणीच्या नायलॉन दोऱ्या निघतात. जुन्या उकिरड्यात न कुजणारी वस्तू म्हणजे फुटकी बांगडी आणि खापर.

गावातले उकिरडे स्वच्छतेच्या मोहिमांत गावाबाहेर गेले. ते बरं झालं, माश्या कमी झाल्या, पोरं आजारी पडायची कमी झाली. आमची जागा मधे पडीक राहिली होती. आता वाटणीत ती धाकट्या भावाकडं गेली आणि त्यानं घर बांधायला काढलं. पायासाठी जेसीबी लावला तर कडक मुरूम लागायच्या जागी कमरेइतकी काळी, भुसभुशीत माती निघत गेली. पंजोबापासूनचं झिरपलेलं सगळं. कामाचा ठेकेदार म्हणाला, ही भरावाला चालत नाही, बाहेर टाकावी लागेल. भाऊ माझ्याकडं आला, म्हणाला, "दादा, जागा माझी झाली, पर माती दोघांची हाय." मोजून अकरा ट्रॉल्या निघाल्या. सहा त्यानं नेल्या, पाच मी. त्याचं रान माझ्यापेक्षा हलकं आहे.